व्हिन्सेंट चिन प्रकरण: वड्याचं तेल वांग्यावर, पण नेमकं त्याच वांग्यावर का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या अमेरिकन तरुणाच्या हत्येवर गुन्हेशास्त्राचा प्रकल्प लिहायचा आहे. मोटारउद्योगाचं शहर असलेलं १९८२ चं डेट्रॉइट, तिथली बेकारी, जपानी गाड्यांवरचा राग हे सगळं पाहता रॉबर्ट मर्टनचा ताण सिद्धांत लावला की काम झालं, असं तुम्हाला वाटतंय. तेवढं पुरेल का? आणि दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा: शेवटी ज्यूरीने आरोपीला निर्दोष सोडलं, तर या गुन्ह्याला वंशद्वेषी म्हणायचं कोणत्या आधारावर?

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही पुरणार. बरेच विद्यार्थी या प्रकरणात इथेच घसरतात, कारण बेकारी आणि राग यांची सांगड इतकी सहज बसते की पुढे शोधायची गरजच वाटत नाही. शिक्षा ठरवण्यापूर्वी न्यायालयापुढे आरोपीच्या पार्श्वभूमीचा जो अहवाल जातो, तसे अहवाल वाचण्यात आणि त्यावर शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून एक सवय लागली. राग कुठून आला हे विचारायला मला फार वेळ लागत नाही. राग सगळ्यांना येतो. तो याच माणसावर का उतरला, आणि उतरवताना ‘हे चालतं’ असं त्याला का वाटलं, या दोन प्रश्नांवर मी अडून बसतो. ज्या सिद्धांताला हे दोन प्रश्न झेपत नाहीत तो द्वेषगुन्ह्याच्या कामाचा नाही, निदान एकटा तरी नाही.

घटना नीट मांडून घेऊ, कारण सिद्धांत तपशिलावर तपासायचा असतो.

तारीख १९ जून १९८२. जागा हायलँड पार्क. हे मिशिगन राज्यातलं छोटंसं शहर डेट्रॉइटच्या अगदी पोटात आहे. १९१३ साली इथल्याच फोर्डच्या कारखान्यात मोटारींची फिरती जुळणी सुरू झाली, आणि १९८२ मध्ये क्रायस्लर कंपनीचं मुख्यालयही इथेच होतं. म्हणजे अमेरिकन मोटारीचं माहेरघर. व्हिन्सेंट चिन सत्तावीस वर्षांचा, चीनमध्ये जन्मलेला, लहानपणी एका चिनी-अमेरिकन जोडप्याने दत्तक घेतलेला, पेशाने ड्राफ्ट्समन, म्हणजे तांत्रिक आराखडे काढणारा. नऊ दिवसांनी त्याचं लग्न होतं. त्यानिमित्त तीन मित्रांबरोबर तो एका नाइट क्लबमध्ये गेला होता. त्या तिघांतले दोघे गोरे होते. हा तपशील लक्षात ठेवा. समोरच्या बाजूला रोनाल्ड एबेन्स आणि त्याचा सावत्र मुलगा मायकेल निट्झ बसले होते. वादावादी झाली, ती हातघाईवर आली, खुर्ची उगारली गेली, निट्झच्या डोक्याला जखम झाली, आणि क्लबवाल्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर गाडीतून बेसबॉलची बॅट निघाली. चिन पळाला. मग या दोघांनी गाडीतून त्याला वीस ते तीस मिनिटं शोधलं. शोधायला मदत कर म्हणून वाटेत एका माणसाला वीस डॉलर दिल्याचीही साक्ष आहे. वुडवर्ड अव्हेन्यूवरच्या मॅकडॉनल्ड्सपाशी चिन सापडला. निट्झने त्याला धरलं आणि एबेन्सने बॅटने मारलं. ड्युटीवर नसलेले दोन पोलीस तिथे होते; त्यांनी हे थांबवलं, पण तोवर डोक्यावर घाव बसले होते. २३ जूनला चिन गेला. लग्नाला यायचे ते पाहुणे अंत्यविधीला आले.

मार्च १९८३ मध्ये वेन काउंटीच्या न्यायालयात एबेन्सने सदोष मनुष्यवधाची कबुली दिली आणि निट्झने आरोपाला आव्हान दिलं नाही. न्यायाधीश चार्ल्स कॉफमन यांनी दोघांना तीन वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं राहणं) आणि प्रत्येकी ३,००० डॉलर दंड सुनावला, वर ७८० डॉलर कोर्टखर्च. एका दिवसाचाही तुरुंगवास नाही. शिक्षा सुनावली त्या दिवशी सरकारी वकील न्यायालयात हजरही नव्हता. त्यानंतर आशियाई अमेरिकन लोकांचं आंदोलन उभं राहिलं आणि प्रकरण नागरी हक्कांच्या भंगाचा खटला म्हणून केंद्रीय न्यायालयात गेलं. १९८४ मध्ये निट्झ सुटला, एबेन्स एका आरोपावर दोषी ठरला आणि त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. १९८६ मध्ये अपिलात ती रद्द झाली. १९८७ मध्ये सिनसिनाटीत फेरखटला झाला आणि एबेन्स निर्दोष सुटला.

आता ताण सिद्धांत. मर्टनने १९३८ मध्ये मांडलं ते असं: समाज सगळ्यांपुढे एकच ध्येय ठेवतो, तिथे जायचे सरळ रस्ते मात्र सगळ्यांना देत नाही, रस्ता अडला की काही लोक आडवाटेला लागतात. डेट्रॉइटमध्ये रस्ते अडले होते, यात शंका नाही. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर लोक कमी पेट्रोल खाणाऱ्या छोट्या गाड्यांकडे वळले, आणि त्या जपानी कंपन्या चांगल्या बनवत होत्या. क्रायस्लर बुडायच्या बेतात होती. सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली तेव्हा ती वाचली. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेला वर्षाला १६ लाख ८० हजारांहून जास्त गाड्या न पाठवण्याचं मान्य केलं. मिशिगनमधली बेकारी १९८२ मध्ये १५ टक्क्यांच्या वर होती. लोक पैसे मोजून जपानी गाड्यांवर घण घालत होते, आणि त्याची रीतसर जाहिरात होत होती.

पण या सगळ्यात रस्ता अडला होता तो नेमका कुणाचा? निट्झची नोकरी क्रायस्लरमधून गेली होती, हे खरं. बॅट मात्र एबेन्सच्या हातात होती, आणि एबेन्स क्रायस्लरमध्ये सुपरवायझर होता. त्याची नोकरी शाबूत होती. ज्याचं काम गेलं त्याने धरलं, आणि ज्याचं काम चालू होतं त्याने मारलं. मर्टनचा सिद्धांत इथे थांबतो.

क्लबमधल्या एका नर्तकीच्या साक्षीप्रमाणे एबेन्स चिनला शिवी देऊन म्हणाला की तुमच्यामुळेच आम्ही बेकार झालो आहोत. असं काही बोललोच नाही, असं एबेन्सचं म्हणणं. साक्ष क्षणभर खरी धरा आणि त्या ‘आम्ही’वर बोट ठेवा. पगार चालू असलेला माणूस ‘आम्ही बेकार’ म्हणतो आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रन्सिमन यांनी १९६६ मध्ये वंचनेच्या भावनेचे दोन प्रकार केले. एक, मी माझ्यासारख्यांच्या मागे पडलो. दुसरा, आम्ही त्यांच्या मागे पडलो. दुसऱ्या प्रकाराला स्वतःचं काही गमवावं लागत नाही. आपला गट खाली चालला आहे एवढं वाटलं की झालं. हर्बर्ट ब्लूमर १९५८ मध्येच म्हणून गेले होते की वंशपूर्वग्रह म्हणजे कुणा एकाच्या मनातली नावड नव्हे. आपल्या गटाची जागा अमुक पायरीवर आहे ही ती समजूत, आणि ती पायरी कुणीतरी हिसकावतंय ही भीती. एबेन्सचं यापेक्षा नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही.

ताण सिद्धांत सोडून द्यायला मन होत नसेल तर मर्टनऐवजी रॉबर्ट ॲग्न्यूकडे जा. त्याने १९९२ मध्ये या सिद्धांताची फेरमांडणी केली. ध्येय हुकणं हा ताणाचा एक प्रकार झाला. हातातलं मोलाचं काही जाणं आणि वाट्याला वाईट वागणूक येणं हेही त्याने ताणातच धरले. पुढे २००२ मध्ये आणखी एक उपयोगी भर घातली: जवळच्या माणसाने सोसलेला ताणही आपल्याला जाळतो. मुलाची नोकरी गेली, मुलाच्या डोक्यातून रक्त आलं, आणि बाप पेटला. हे जुळतं. परीक्षकाला दाखवायला हा चांगला मुद्दा आहे. पण यातूनही एवढंच कळतं की बाप का पेटला.

आता वांग्याकडे येऊ. राग एकाचा, मार दुसऱ्याला, ही गोष्ट आपल्या भाषेने म्हणीत बांधून ठेवली आहे. गुन्हेशास्त्रात ती आली १९३९ मध्ये येल विद्यापीठातल्या मंडळींकडून, वैफल्यातून आक्रमण या सिद्धांताच्या रूपाने. पुढच्याच वर्षी हॉव्हलँड आणि सीअर्स यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लिंचिंगची (जमावाने माणसाला ठार मारण्याची) आकडेवारी कापसाच्या भावाशेजारी ठेवली. भाव पडला की लिंचिंग वाढतं, असं त्यांना दिसलं. हा अभ्यास पाठ्यपुस्तकांत चांगलाच रुजला. १९९८ मध्ये डोनाल्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा हा संबंध फार कच्चा निघाला. त्याच सुमाराला त्यांनी न्यूयॉर्क शहरातल्या वंशद्वेषी गुन्ह्यांचाही अभ्यास केला. बेकारीचा दर तिथेही काही सांगेना. जिथे वर्षानुवर्षं गोऱ्यांची भक्कम वस्ती होती आणि दुसऱ्या वंशाचे लोक झपाट्याने येऊ लागले होते, तिथे असे गुन्हे जास्त होते. म्हणजे खिसा रिकामा झाला म्हणून कमी, आणि ‘आमच्या’ जागेत ‘ते’ आले म्हणून जास्त. तुमच्या प्रकल्पात बेकारीवर तीन पानं असतील तर हा अभ्यास वाचून त्यातली दोन तुम्ही आपणच काढून टाकाल.

मग बेकारीचा काही संबंधच नाही? आहे, पण थेट नाही. मंदी माणसाच्या हातात बॅट देत नाही, ती दोष कुणाचा याचा बाजार मांडते. कारखाने बंद पडले त्याची कारणं बरीच होती: तेलाचे भाव, व्याजदर, कंपन्यांच्या चालकांनी मोठ्या गाड्यांचा धरलेला हट्ट. त्यातलं एकही कारण रस्त्यात भेटत नाही. व्याजदराला शिवी देता येत नाही. या सगळ्या गुंत्याला एक चेहरा हवा होता. राजकारण्यांनी, जाहिरातींनी आणि कामगार संघटनांच्या फलकांनी तो पुरवला. ऑटो कामगारांच्या संघटनेच्या मुख्यालयात पार्किंगपाशी परदेशी गाड्यांना मज्जाव करणारा फलक होता. एडविन सदरलँडचा विभेदक साहचर्याचा सिद्धांत इथे कामाला येतो. नाव जड आहे, मुद्दा साधा. माणूस गुन्ह्याचं तंत्र शिकतो तसे गुन्ह्याला पोषक अर्थही आजूबाजूच्यांकडून शिकतो. हा सिद्धांत लावायला एबेन्स एखाद्या द्वेषी संघटनेचा सदस्य असण्याची गरज नाही. तो तसा नव्हताच. जपानी गाडीवर घण घालणं ही देशभक्तीची करमणूक आहे, हे कळायला गावात राहणं पुरेसं होतं.

आता या प्रकरणाचा गाभा. चिन जपानी नव्हता. तो चिनी वंशाचा अमेरिकन नागरिक होता, मोटारींच्या त्याच शहरात वाढलेला. त्याच्या दत्तक वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती, म्हणजे त्या युद्धात ते जपानच्या विरुद्ध बाजूला होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासीही भलत्याच पंथाचा. याला चूक म्हणू नका. द्वेषगुन्ह्याची खूणच ही आहे: बळी बदलता येतो. ‘ते’ या कप्प्यात बसणारं कुणीही चालतं. कप्पा कोण पाडतो? मारणारा. त्यात चिनी, जपानी, कोरियन हे भेद पुसले जातात. एक कडवट गोष्ट सांगतो. महायुद्धाच्या काळात अमेरिकेतले काही चिनी लोक ‘मी चिनी आहे’ असे बिल्ले लावून फिरत, म्हणजे जपानी समजून कुणी अंगावर येऊ नये. चिनच्या खुनानंतर बिल्ल्यांची ती युक्ती निरर्थक ठरली. चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो लोक पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एका झेंड्याखाली आले. मार बसताना भेद नव्हता, मग रडताना कशाला ठेवायचा, असा तो हिशोब.

बार्बरा पेरी यांनी २००१ मध्ये जी मांडणी केली ती इथे वाचलीच पाहिजे. द्वेषगुन्हा म्हणजे फरक ‘करून दाखवणं’, असं त्यांचं म्हणणं. समाजातली उतरंड कागदावर नसते. ती रोज पाळावी आणि पाळायला लावावी लागते. ‘खालच्या’ माणसाने आपली जागा ओलांडली की तिथे परत ढकलणारा हिसका म्हणजे हा हिंसाचार. क्लबमधला तो प्रसंग असा पाहा. सगळे पुरुष, दारू, स्टेजवर बायका नाचताहेत, आणि एक आशियाई तरुण लग्नाच्या आनंदात बरोबरीने पैसे उडवतोय. अपमान झाल्यावर तो मान खाली घालत नाही, उठून समोर येतो. आशियाई पुरुष म्हणजे गप्प, नमतं घेणारा, ही अमेरिकेतली जुनी प्रतिमा. तो उठला तिथे वंशाचा अपमान आणि पुरुषपणाचा अपमान एकत्र झाले. लॅरी रे, डेव्हिड स्मिथ आणि लिझ वेस्टेल यांनी ग्रेटर मँचेस्टरमधल्या वंशद्वेषी गुन्हेगारांच्या मुलाखती घेतल्या. त्यांना द्वेषाच्या खाली बऱ्याचदा न कबूल केलेली लाज सापडली. एबेन्सच्या डोक्यात शिरून पाहण्याचा दावा मी करणार नाही. पण रे आणि मंडळी ज्याला लाजेतून उठलेला संताप म्हणतात, तो या रात्रीच्या क्रमाशी जुळतो.

क्रम हा शब्द मुद्दाम वापरला. माझा सल्ला असा की ‘या गुन्ह्याला कोणता सिद्धांत’ हा प्रश्नच सोडून द्या. त्या रात्रीचे तुकडे करा: क्लबमधली वादावादी, बाहेर काढलेली बॅट, शोधाची ती वीस-तीस मिनिटं, मॅकडॉनल्ड्सपाशी झालेली मारहाण, आणि पुढे न्यायालय. प्रत्येक तुकड्याला प्रश्न वेगळा विचारा. गॉटफ्रेडसन आणि हर्शी यांचा आत्मसंयमाचा सिद्धांत (१९९०) पहिल्या तुकड्याला छान बसतो: दारू, तोल जाणं, हातातली खुर्ची. तिसऱ्या तुकड्यावर तो आपटतो. गाडी चालवत, गल्ल्या धुंडाळत, कुणाला तरी पैसे देत अर्धा तास माणूस शोधणं याला क्षणिक तोल जाणं म्हणता येत नाही. राग थंड व्हायला वेळ मिळाला होता, तो झाला नाही. कशामुळे पेटता राहिला, ते त्या वीस-तीस मिनिटांत शोधा. मार्क वॉल्टर्स यांनी २०११ मध्ये ताण, पेरींचा ‘फरक’ आणि आत्मसंयम या तिन्हींची मोट बांधायचा प्रयत्न केला आहे. एक सिद्धांत घेऊन लिहायचंच असेल तर ही मोट घ्या. शिवण दिसते, पण काम भागतं.

कोहेन आणि फेल्सन यांचा नित्यक्रमाचा सिद्धांत मी अशा प्रकरणांत फार ताणत नाही. प्रवृत्त गुन्हेगार, योग्य लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव हे तिन्ही एका जागी आले की गुन्हा घडतो, असं तो म्हणतो. इथे राखणदार समोर होते, दोन पोलीस. तरीही बॅट खाली आली. घरफोडीला लागू पडतो म्हणून हा सिद्धांत सगळीकडे लावायची फॅशन आहे, एवढं बोलून पुढे जातो.

जॅक लेव्हिन आणि जॅक मॅक्डेव्हिट यांची वर्गवारीही तुम्ही वापरणारच, सगळे वापरतात. बोस्टन पोलिसांच्या १६९ प्रकरणांवरून त्यांनी द्वेषगुन्ह्यांचे चार प्रकार केले. थराराची मजा म्हणून केलेले ६६ टक्के, ‘आपली’ जागा राखायला केलेले २५ टक्के, बदल्यापोटीचे ८ टक्के, आणि जगातून ‘त्यांना’ संपवायचं व्रत घेतलेले जेमतेम १ टक्का. या आकड्यांचा मोठा धडा असा की वंशद्वेषी गुन्हेगार बहुतेकदा कवायती संघटनेतला कट्टर माणूस नसतो, शेजारचा साधा इसम असतो. पण वर्गवारी म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. आणि चिन प्रकरण राखण आणि बदला या दोन खणांच्या मधल्या फळीवरच अडकतं. पान भरण्यापुरतं वापरा, निष्कर्ष म्हणून नको.

सगळ्यात जास्त जागा द्यावी असं मला वाटतं ती ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांना. १९५७ मध्ये त्यांनी दाखवलं की गुन्हेगार बहुतेकदा समाजाची मूल्यं नाकारत नाही. तो स्वतःपुरती त्यांना पळवाट काढून घेतो. पळवाटा पाच: माझा दोष नाही, एवढं काही झालं नाही, तो त्याच लायकीचा होता, मला बोलणारे कोण लागून गेले, आणि मी आपल्या माणसांसाठी केलं. एबेन्सच्या बाजूने वेळोवेळी जे बोललं गेलं ते या पाचांशेजारी लावून बघा. दारू होती. भांडण चिनने सुरू केलं. मुलाला लागलं होतं. वंशाचा काही संबंध नव्हता, बारमधली साधी मारामारी होती. अगदी साच्यातून काढल्यासारखं.

यात काही विशेष नाही, मी वाचलेल्या शेकडो अहवालांत आरोपी असंच बोलतात. विशेष आहे ते न्यायाधीशांचं बोलणं. टीका झाल्यावर कॉफमन यांनी लिहिलं की ही माणसं तुरुंगात पाठवावीत अशातली नाहीत. शिक्षा गुन्ह्याला साजेशी नव्हे, गुन्हेगाराला साजेशी द्यायची असते. वाक्याचा उत्तरार्ध ऐकायला पुरोगामी वाटतो, आणि इतर संदर्भात मी स्वतः त्याची बाजू घेतली असती. प्रोबेशनचं सगळं तत्त्वज्ञान त्यावर उभं आहे. पण ‘अशातली नाहीत’ हे ठरलं कशावरून? नोकरी, पत्ता, आधी शिक्षा नसणं. या तिन्ही गोष्टी माणूस कुठल्या गटात जन्मला त्यावर बऱ्याच अवलंबून असतात. आरोपीने स्वतःला दिलेली पळवाट न्यायालयाने शिक्का मारून अधिकृत केली. चिनच्या बाजूने त्या दिवशी कुणीच बोललं नाही, कारण सरकारी वकील आलाच नव्हता. यात कुणाचा वैयक्तिक द्वेष असण्याची आवश्यकताही नव्हती.

लंडनमध्ये २२ एप्रिल १९९३ ला स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा बसथांब्यापाशी खून झाला. त्यानंतर पोलिसांनी काय केलं नाही याची चौकशी होऊन १९९९ मध्ये मॅक्फर्सन अहवाल आला. त्यातली संस्थात्मक वंशवादाची व्याख्या तुम्हाला इथे हवी आहे: संस्थेतली माणसं वाईट असोत वा नसोत, संस्थेची रीत एका गटाला सेवा नाकारते. लॉरेन्सच्या दोन मारेकऱ्यांना शिक्षा व्हायला २०१२ उजाडलं. डेट्रॉइट आणि लंडन ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की दिसतं की द्वेषगुन्हा मारहाणीपाशी संपत नाही. पेरींचा शब्द वापरायचा तर उतरंड तिथून पुढे न्यायालयातही ‘केली’ जाते. तुमच्या प्रकल्पात न्यायालयाचा भाग शेवटच्या परिशिष्टात टाकला आहे असं तुम्ही लिहिलंय. तो तिथून उचला आणि विश्लेषणाच्या आत घ्या.

आता दुसरा प्रश्न. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या गुन्ह्याला वंशद्वेषी कसं म्हणायचं?

आधी पाहा, ज्यूरीला विचारलं काय होतं. एबेन्सने चिनला मारलं की नाही, हा प्रश्नच नव्हता. ते त्याने राज्याच्या न्यायालयात कबूल केलं होतं. खटला १९६८ च्या केंद्रीय नागरी हक्क कायद्याखाली होता. त्यात सिद्ध करायचं होतं की चिनच्या वंशामुळे, आणि तो सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणाचा लाभ घेत होता म्हणून, त्याच्यावर हल्ला झाला. दोन्ही गोष्टी, तेही वाजवी शंकेपलीकडे. १९८४ ची शिक्षा रद्द होण्यामागेही कायद्याची कारणं होती. फिर्यादी बाजूच्या साक्षीदारांची तयारी कशी करून घेतली गेली याच्या ध्वनिफिती बचाव पक्षाला ज्यूरीपुढे मांडू दिल्या नव्हत्या, हे त्यातलं एक महत्त्वाचं. त्यातून साक्षींवरचा विश्वास डळमळला, आणि १९८७ च्या ज्यूरीने शंकेचा फायदा दिला. त्या निकालाचा अर्थ ‘वंशाचा संबंध नव्हता’ असा होत नाही, ‘एवढ्या पुराव्यावर सिद्ध झाला नाही’ एवढाच होतो. जागेची ती अट किती आडवी येते हे पुढे कायदा करणाऱ्यांनाही कळलं; द्वेषगुन्ह्यांत मारले गेलेले मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड यांच्या नावाच्या २००९ च्या कायद्याने वंशद्वेषी हल्ल्यांपुरती ती काढून टाकली.

कायद्याला हेतू एकच लागतो, हो किंवा नाही. गुन्हेशास्त्राला हेतूचे थर चालतात. भांडण खरं होतं, मुलाची जखम खरी होती, दारू खरी होती. आणि वंशही त्यात होता. हे एकमेकांना खोडत नाहीत. कायद्यातही याचे दोन मार्ग आहेत. एकात आरोपीच्या मनातला द्वेष सिद्ध करावा लागतो. दुसऱ्यात एवढंच की बळीची निवड वंशावरून झाली. विस्कॉन्सिनच्या अशाच दुसऱ्या प्रकारच्या कायद्याखाली वाढवलेली शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये वैध ठरवली. त्या खटल्यात आरोपी कृष्णवर्णीय होता आणि बळी गोरा मुलगा. सिद्धांत लावताना कप्पा कुणीही कुणासाठी पाडू शकतो, याचं भान ठेवायला तो खटला बरा.

इथे माझ्याच बाजूला छेद देणारा एक मुद्दा तुमच्यापुढे ठेवतो, कारण तो तोंडी परीक्षेत येणार. ‘त्यांनी चिनलाच शोधलं, गोऱ्या मित्रांना नाही, म्हणून निवड वंशावरून झाली’ असं तुम्ही लिहाल. परीक्षक विचारेल, हाणामारी चिनशीच झाली होती, मग ते दुसऱ्या कुणाला कशाला शोधतील? बरोबर विचारेल. शोध हा पुरावा म्हणून अर्धाच आहे. तुमचा आधार क्लबमधल्या ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’वर हवा, म्हणजे मारामारी पेटली त्या जागी. एका अनोळखी ड्राफ्ट्समनला एका उद्योगाच्या पडझडीचा जबाब मागितला गेला, आणि तो मागायला त्याच्या चेहऱ्याखेरीज दुसरा काहीही आधार नव्हता. ती साक्ष ज्यांना पटत नाही त्यांच्यापुढे तुमचा युक्तिवाद दुबळा पडेल, हे प्रकल्पात स्पष्ट लिहा. लपवलंत तर गुण जातील.

आराखडा पुन्हा कराल तेव्हा रन्सिमन आणि ब्लूमर पहिल्या प्रकरणात घ्या, मर्टन तळटिपेत गेला तरी चालेल. साइक्स आणि मात्झाला न्यायालयाच्या प्रकरणात बसवा. शोधाच्या त्या अर्ध्या तासावर एक स्वतंत्र भाग लिहा. ते मला अजून कुणी नीट केलेलं दिसलं नाही. मसुदा झाला की पाठवा, साक्षींचा भाग मी आधी वाचेन.